नडगीला नमस्कार

बेचाळिसाव्या वर्षी मी एका आयरिश बाईच्या नडगीवर सणसणीत लाथ मारली आणि लगेच वाकून तिला नमस्कार केला. म्हणजे तिच्या नडगीला बोटं लावली आणि ती स्वतःच्या छातीला लावली. पुस्तकाला पाय लागला, झोपलेल्या माणसाला पाय लागला, बसमध्ये शेजारणीच्या पिशवीला लागला, की आपण सगळे करतो तेच. तेवढ्या वेळात तिसरीच कुणीतरी चेंडू घेऊन निघून गेली. जिला लाथ बसली होती ती नडगी चोळायची सोडून माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटलं, माझी कंबर धरली आहे.

गेलिक फुटबॉल नावाचा खेळ असतो हे मला त्याच्या महिनाभर आधीपर्यंत माहीत नव्हतं. मी नेदरलँड्समध्ये उइटहॉर्नला राहते आणि झुइडओस्टमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना गोड शब्दांत कळवायच्या, असं माझं काम आहे. खेळाशी संबंध शाळेतल्या खो-खोपुरता. आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांची उन्हाळ्यात एक सहल निघते. तिथे पुरुषांचं क्रिकेट असतं आणि बायकांची संगीत खुर्ची. त्या वर्षी मी म्हटलं, मलाही एक ओव्हर टाकू द्या. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, वहिनी, तुम्ही स्कोअर लिहा ना, तुमचं अक्षर छान आहे. त्या माणसाने माझं अक्षर जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी स्कोअर लिहिला. मुद्दाम घाणेरड्या अक्षरात लिहिला, पण लिहिला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पुढच्या आठवड्यात ऑफिसमधली एक आयरिश सहकारी म्हणाली की त्यांच्या टीमला बायका कमी पडतात, अगदी नवख्या चालतात, दर शनिवारी सकाळी सराव असतो. मी रागाच्या भरात हो म्हटलं. माझ्या आयुष्यातले बरेच बरे निर्णय रागाच्या भरात झाले आहेत, लग्न धरून.

खेळ समजायला सोपा आहे. चेंडू हातानेही खेळायचा आणि पायानेही. चेंडू धरून चार पावलं पळायचं, मग तो एकदा जमिनीवर आपटायचा नाहीतर पायावर सोडून, बुटाच्या टोकाने उडवून पुन्हा हातात घ्यायचा. शेवटी दोन उंच खांब, मध्ये आडवी दांडी. दांडीच्या वरून मारला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. चेंडू पायावरून हातात यायला मला सहा आठवडे लागले. आमच्या घरामागच्या कालव्यात तो तीनदा पडला आणि शेजारच्या डच आजोबांनी तीनदा मासे पकडायच्या जाळीने काढून दिला. चौथ्यांदा ते जाळी माझ्याकडेच ठेवून गेले.

चेंडू आला, पण नमस्कार जाईना. या खेळात पाय लागतातच. आठ-दहा जणी एका चेंडूवर तुटून पडल्यावर दुसरं काय होणार? प्रत्येक वेळी माझी कंबर वाके, हात खाली जाई, छातीवर येई. डोक्याला पत्ता लागायच्या आत हे सगळं होऊन गेलेलं असे. बाकीच्या आधी हसायच्या, मग त्यांना सवय झाली, मग त्या वैतागल्या. आमची ट्रेनर पन्नाशीची, आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची. फुलांच्या लिलावाच्या गोदामात पहाटे चारपासून ट्रॉल्या ओढायची आणि शनिवारी आम्हाला ओढायची. तिने हिवाळाभर सहन केलं. वसंतात बेल्जियम आणि जर्मनीतल्या टीम येणार होत्या, दिवसभराची स्पर्धा होती. त्यासाठी नावं ठरवताना तिने मला बाजूला घेतलं.

ती म्हणाली, "खेळ मी तुला शिकवला, तो तुला आलाय. हे वाकणं दुसऱ्या कुणीतरी शिकवलंय. ते घरी ठेवून येणार असलीस तर तुला घेते. मैदानात वाकलीस की त्याच क्षणी बाहेर काढीन."

मी हो म्हटलं. गाडीत येऊन बसले आणि भयंकर संतापले. तिच्यावर नव्हे. दुसऱ्या कुणी शिकवलं ते मला माहीत होतं.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. परभणीला सरकारी क्वार्टर्समध्ये राहायचो, वडील कारकून होते. कॉलनीच्या मैदानात आम्ही पोरी लंगडी खेळत होतो. पडता पडता माझा पाय एका साहेबांच्या मुलीच्या पोटाला लागला. ती रडत घरी गेली. तिची आई फाटकाशी येऊन उभी राहिली. नुसती आमच्या दाराकडे बघत राहिली. माझी आई भाजी चिरायची सोडून बाहेर आली, माझ्या मानेला धरून मला मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं आणि त्या मुलीपुढे वाकवलं. एकदा नाही. ती मुलगी रडायची थांबेपर्यंत.

संध्याकाळी वडील जेवले नाहीत. आमच्या घरात कुणाच्या पाया पडायची पद्धत नव्हती, वडिलांनी ती ठरवून मोडली होती. विहारात वंदनेला वाकायचं, बाकी जगात मान ताठ, असा त्यांचा नेम होता. "पोरीला वाकवलंस," एवढंच ते आईला म्हणाले. आई ताटावरचं झाकण न काढता म्हणाली, "त्यांच्या लेकींचा पाय लागला तर नुसता पाय लागतो. आपल्या लेकीचा लागला तर जात लागते."

त्या दिवसापासून तिने मला तालीम दिली. पाय लागला की क्षणात हात गेला पाहिजे, समोरच्याने बघायच्या आत. मी तयार झाले. इतकी तयार झाले की पुढे मला त्यात जातबित काही दिसेनाच. मी त्याला संस्कार म्हणू लागले. कहर म्हणजे माझी मुलगी तीन वर्षांची झाल्यावर मी तिलाही तेच शिकवलं, तितक्याच कडकपणे. शाळेत तिचा पाय एका डच मुलाला लागला आणि तिने त्याच्या गुडघ्याला हात लावून छातीला लावला, तेव्हा तिच्या बाईंनी पालकसभेच्या दहा मिनिटांतली चार मिनिटं हे काय म्हणून विचारण्यात घालवली. मी कौतुकाने समजावून सांगितलं की आमच्याकडे प्रत्येक माणसाचा आदर करतात. बाईंनी ते वहीत टिपून घेतलं. ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

नवरा म्हणाला, एवढं काय, खेळ आहे, मनावर घेऊ नकोस. हे वाक्य तो मी ज्या ज्या गोष्टी मनावर घेते त्या प्रत्येकीबद्दल म्हणतो.

तर वाकायचं नाही, एवढंच मला करायचं होतं. मी तालीम सुरू केली. स्वयंपाकघरात खुर्चीला मुद्दाम पाय मारायचा आणि हात कमरेवर ठेवायचा. सुपरमार्केटमध्ये कुणाच्या ट्रॉलीला पाय लागला तर हात खिशात. जमायला लागलं होतं. आणि त्याच सुमारास टीममध्ये आणखी एक मराठी बाई आली.

ती अम्स्टेलवेनला राहायची, मूळची पुण्याची. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, उंच, कॉलेजात बास्केटबॉल खेळलेली. चेंडू तिला दोन शनिवारांत आला. मला मराठीत बोलायला कुणीतरी मिळालं म्हणून मी खूश झाले आणि तिला रस्त्यात गाडीत घेऊ लागले. ती चकल्या आणायची, माझ्या ड्रायव्हिंगची तारीफ करायची. वाईट नव्हती हो. माझ्या आडनावाला गावाचं शेपूट आहे, त्यामुळे लोकांना चटकन पत्ता लागत नाही. मग ते वळसा घालून येतात. मूळ गाव कुठलं, तिकडे कुणाकुणाला ओळखता, घरी कुळाचार काय. तिसऱ्या शनिवारी तिने विचारलं, गणपती दीड दिवसाचा की पाच? मी म्हटलं, आमच्याकडे गणपती बसत नाही, आम्ही बौद्ध. ती म्हणाली, अरे वा, छान. आणि पुढच्या सिग्नलला हवेबद्दल बोलू लागली. नेदरलँड्समध्ये हवेबद्दल बोलायला कधी काही कमी पडत नाही.

त्यानंतरच्या सरावात आम्ही दोघी एकाच चेंडूवर धावलो. माझा बूट तिच्या घोट्याला लागला आणि इतक्या आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली. मी वाकले. बोटं तिच्या मोज्याला लावली, छातीला लावली. आयरिश बायका अशा वेळी दचकायच्या. ती दचकली नाही. तिने डोळे जरासे मिटले, मान हळूच हलवली आणि म्हणाली, "असू दे, असू दे."

दहा मिनिटांनी तिचा गुडघा माझ्या मांडीत बसला. ती "ओह, सॉरी" म्हणाली आणि चेंडूमागे गेली. मी जागीच उभी राहिले. मी तिच्या हाताकडे बघत होते. हात चेंडूकडे गेला, म्हणजे जिथे जायला हवा तिथेच.

न्यायाने बोलायचं तर तिचं बरोबर होतं. मैदानात असंच वागायचं असतं, ट्रेनर मला तेच घसा फोडून सांगत होती. कदाचित पुण्यात त्यांच्या घरी एवढं कडक नसेल. कदाचित तिच्या ध्यानीमनीही काही नसेल. हे सगळं मी परत येताना तिला शेजारी बसवून स्वतःला समजावलं. पण ते "असू दे" माझ्या कानातून निघेना. ज्याला आयुष्यभर कुणीतरी वाकत आलंय त्यालाच ते इतकं सहज जमतं, असं मला वाटलं. फाटकाशी उभ्या राहिलेल्या त्या बाईने अगदी शेवटी, तिची मुलगी रडायची थांबल्यावर, हेच म्हटलं होतं. असू दे. जाऊ दे आता.

स्पर्धेच्या दिवशी नवरा आणि मुलगी बघायला आले होते. वारा असा की कोपऱ्यातली निशाणं आडवी झालेली. पहिल्या सामन्यात मी पाचव्या मिनिटाला एका बेल्जियन मुलीच्या पायावर पाय दिला आणि वाकले. अर्धवटच वाकले, हात गुडघ्यापर्यंतच गेला होता, पण तेवढ्यात त्यांनी तीन गुण केले. ट्रेनरने शब्द पाळला. मी कडेच्या बाकावर बसले आणि पुढचे दोन सामने बसूनच राहिले. शेजारच्या बाया मला केळी देत होत्या. मला रडू येत होतं आणि ते दिसू नये म्हणून मी तीन केळी खाल्ली.

शेवटच्या सामन्यात दोघी जायबंदी झाल्या. ट्रेनरने बाकाकडे पाहिलं, दुसरं कुणी नव्हतं. तिने मला उठायची खूण केली आणि फक्त स्वतःची पाठ ताठ करून दाखवली.

आम्ही आधीच खूप मागे पडलो होतो, हरणार हे नक्की होतं. पण मला सामन्याचं काही पडलं नव्हतं. मला उरलेली दहा मिनिटं न वाकता काढायची होती. सहा-सात गेली असतील. आमच्याच कुणीतरी मारलेला उंच चेंडू वाऱ्याने मागे आला आणि त्याच्या खाली नेमक्या आम्ही दोघी, मी आणि ती अम्स्टेलवेनची. दोघींनी उड्या मारल्या, दोघींच्या हातून सुटला. खाली येताना माझा बूट तिच्या नडगीवर बसला. तिची नडगी आणि माझी नडगी अशा आपटल्या की आवाज मला ऐकू आला. ती खाली बसली. चेंडू दोन हातांवर पडला होता. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

माझा हात निघाला होता. खोटं कशाला सांगू, कोपरापासून हलला होता. मी त्याला ओढून चेंडूवर टाकलं. चेंडू उचलला, चार पावलं, पायावर सोडला, हातात आला. पुन्हा चार पावलं. समोर खांब दिसले आणि मी सगळा जीव एकवटून मारला. चेंडू वर गेला, वाऱ्याने धरला आणि खांबाच्या बाहेरून, बराच बाहेरून, पलीकडच्या सायकल स्टँडवर जाऊन पडला. ट्रेनरने टाळ्या वाजवल्या. बाकी कुणी वाजवल्या नाहीत आणि वाजवण्यासारखं काही नव्हतंही. पण तिने मला बाहेर काढलं नाही. शिट्टी होईपर्यंत मी आत होते.

सामना संपल्यावर मी बर्फाची पिशवी घेऊन त्या अम्स्टेलवेनच्या बाईकडे गेले. ती गवतावर बसून मोजा खाली करत होती. चांगलं टेंगूळ आलं होतं. मी पिशवी दिली. ती म्हणाली, "निदान सॉरी तरी म्हणायचंस."

"म्हणायला हवं होतं. सॉरी," मी म्हटलं. "पण नमस्कार करणार नाही. तुलाही नाही आणि कुणालाच नाही."

"कसला नमस्कार?"

"मागे केला होता तो. तू असू दे म्हणालीस."

ती आठवायला लागली. मी तिचा चेहरा नीट पाहत होते, कारण मला ती खोटं बोलताना पकडायची होती. तिने खरोखर आठवून पाहिलं आणि मान हलवली. तिला काही आठवत नव्हतं. मी असं काही केलं होतं हेही नाही आणि ती तसं म्हणाली होती हेही नाही. मी सहा आठवडे ज्याच्यावर जळत होते ते तिच्या लेखी घडलंच नव्हतं.

भांडता आलं असतं तर बरं झालं असतं. मी बर्फ ठेवून निघून आले.

गाडीशी येऊन डिकीच्या काठावर बसले, बूट काढले. माझीही नडगी सुजली होती, रंग धरायला लागली होती. नवरा पुढे बसून फोनवर रस्ता बघत होता. मुलगी डिकीत माझ्या मागे चढून पाण्याची बाटली शोधत होती. ती सापडल्यावर तिने माझ्या बाजूने खाली उडी मारली आणि तिची टाच बरोबर माझ्या सुजेवर आली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी तोंड उघडायच्या आत तिने वाकून माझ्या नडगीला बोटं लावली होती आणि छातीला लावली होती. बाटलीचं झाकण उघडता उघडता, माझ्याकडे न बघता. नऊ वर्षांची पोर. हात किती सफाईने गेला आणि आला.

"असू दे," मी म्हटलं.

मान हलली होती. डोळेही जरासे मिटले होते. माझे.

ते ऐकून मी गार पडले, आणि मग जो राग आला तसा मला त्या बाईचा आला नव्हता, फाटकातल्या बाईचा आला नव्हता, आईचाही कधी आला नव्हता. मी किती वेळा म्हटलं असेन हे या पोरीला? सहा वर्षं, रोज कधीतरी. मला एकदाही ऐकू आलं नव्हतं.

ती दाराकडे निघाली होती. मी तिला हाक मारून थांबवलं.

"परत मार," मी म्हटलं.

ती म्हणाली, व्हॉट?

"परत लाथ मार. इथेच. आणि या वेळी हात लावायचा नाही."

ती म्हणाली, "ममा, डू नॉर्माल." इथली पोरं वेड्यासारखं वागणाऱ्या माणसाला म्हणतात, नीट वाग, तसं. मी म्हटलं की मी पूर्ण नीट आहे आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच नीट आहे. तिने बापाकडे पाहिलं, बाप फोनमध्ये होता. मग तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काय दिसलं कुणास ठाऊक, पण तिने बाटली खाली ठेवली, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले आणि एक ठेवून दिली.

जोरात लागलं. मी बघत होते. तिचे हात खिशातच राहिले.